गिऱ्हेपुंजे काकांची घंटी

गिऱ्हेपुंजे काकांच्या टेबलावर एक पितळी चकती पडली होती. बांगडीएवढी, मधोमध पांढरा गोल चिकटवलेला. मी तिच्यावर गरम चहाचा कप ठेवला. टेबलावर डाग पडू नये, एवढाच माझा सद्हेतू. कपाखाली 'टक्' असा आवाज झाला आणि काकांच्या महिनाभराच्या मेहनतीला आरपार तडा गेला.

काका रागावले नाहीत. त्यांनी चकती उचलली, नखानं टिचकी मारली, कानाशी नेली आणि ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आलेला डॉक्टर नातेवाइकांकडे पाहतो तसं माझ्याकडे पाहिलं.

"गेली जी. जवाईबापू, तुमी तिले मधात दाबलं. मधातच तर नाचते ते. नाचनाऱ्याले कोनी मधात दाबते का?"

मी त्यांचा जावई नाही. माझी बायको सुनंदा त्यांच्या भंडाऱ्याकडच्या गावची, म्हणून जुनवानी वस्तीतल्या आमच्या लेनमध्ये मी जवाईबापू. या पदाचा फायदा एकच : चहा मिळतो. तो कुठे ठेवायचा हे मात्र कोणी सांगत नाही.

काकांची सारी नोकरी स्टील प्लांटमध्ये यंत्रांचे काटे सरळ ठेवण्यात गेली. रिटायर झाले आणि त्यांना टिचकीचं वेड लागलं. दिसेल त्या वस्तूला टिचकी मारायची आणि डोळे मिटून ऐकायचं. टरबुजाला आपण सगळेच मारतो. काका माझ्या स्कूटरच्या टाकीला मारत, आमच्या दाराला मारत. एका लग्नात त्यांनी पंगतीतल्या ताटांना ओळीनं टिचक्या मारल्या तेव्हा वाढपी हात जोडून म्हणाला, "अंकलजी, खाना आ रहा है." मी हेल्मेट घालून भेटलो की मलाही एक मिळायची. "आतून रिकामं हाय," काका म्हणत. हेल्मेटबद्दल, असं मी धरून चालतो.

त्या चकतीवरचा पांढरा गोल म्हणजे मातीची भाजलेली चिप. तिला वीज दिली की ती आकसते-फुलते, सोबत पितळ वाकतं आणि चकती गाते. बाजारात मिळणाऱ्या दाराच्या घंटीत हीच असते, पण ती किरकिरते. काकांना आपल्या घंटीला जाड सूर हवा होता. जाड सुरासाठी चकती मोठी आणि पातळ पाहिजे. आणि पेन्सिलसेलवर वर्षभर चालायची तर ताकद वाया जाता कामा नये.

"हे पाहा," म्हणत त्यांनी एकदा दुसऱ्या चकतीवर रांगोळी भुरभुरली आणि बटण दाबलं. रांगोळी थरथरली, पळाली आणि आपोआप एका गोलात जाऊन बसली. कोणी हात न लावता काढलेली ती रांगोळी पाहून मी गारच झालो.

"इथं ते हालत नाही. तिले फकत इथं धरा, बाकी सुटी राहू द्या. कमी विजेत जास्त गाते. अन् कवा ढकलाचं, हे आपन नाही ठरवाचं. तिलेच विचाराचं." त्यांनी पांढऱ्या गोलावरची चिंचोळी जीभ दाखवली. तिथून एक तार निघत होती. चकती कुठं पोचली ते सर्किटला त्या तारेतून कळे, आणि सर्किट नेमक्या वेळी धक्का देई, झोक्याला देतात तसा.

सूर घुमायला डबा लागे. त्यासाठी काकूंचे डबे एकेक करून गायब होऊ लागले. हिंगाचा डबा गेला तेव्हा काकू माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. "यायले समजवा जी. वरनाले वास नाही अन् यायच्या खोलीत वासच वास!"

त्यात मे महिना. सकाळी गाणारी चकती दुपारी गळे. उन्हानं गोंद नरम पडे, सूर डब्याशी जमेना. काका भर दुपारी डोक्यावर ओला गमछा घेऊन गच्चीवर बसत आणि वेगवेगळे गोंद लावलेल्या चकत्या उन्हात वाजवून पाहत. लेनमध्ये त्यांची कीर्ती पसरली.

शेवटी मी विचारलंच, "काका, कावून एवढा तरास? मोठी घंटा टांगा ना दारावर."

काकांनी आधी आत पाहिलं. काकू पिको-फॉल करतात. पूर्वी दिवसभर बायकांची ये-जा असे. दोन वर्षांपासून त्यांना बारीक आवाज ऐकू येईनात. बायका घंटी दाबायच्या, वाट पाहायच्या, परत जायच्या. मग येईनाशा झाल्या. कानाचं मशीन आणलं, पण कानात भट्टी सुरू झाल्यासारखं वाटतं म्हणून ते ड्रॉवरमध्ये गेलं. आता काकू जेवण झालं की पोर्चमध्ये खुर्ची टाकत आणि दिवेलागणीपर्यंत फाटकाकडे पाहत बसत. उन्हाच्या झळा लागत, तरी आत येत नसत. कोणी आलं आणि गेलं तर?

"मोठी घंटा वाजली तं साऱ्या मोहल्ल्याले कळन का इले ऐकू येत नाही," काका म्हणाले. "ते मले नाही पायजे. हे घरात जिथं बसन तिथं घंटी हळूच वाजली पायजे. जाड आवाज येते तिले. तुमचा येते ना!"

जूनच्या सुरुवातीला एका दुपारी काका मला बोलवायला आले. चकती गच्चीच्या उन्हात पास होऊन डब्यासकट काकूंच्या शिलाईच्या खोलीत लागली होती. काकूंना शिलाईचा आग्रह करून त्यांनी आत बसवलं होतं. दार बंद, कूलर घरघरत होता.

"तुमी दाबा. मी दाबली तं मले खूश कराले ऐकू आलं म्हनन ते."

मी बटण दाबलं. काही नाही. फक्त कूलर. काका पेरूच्या झाडाआड उभे होते. त्यांनी झाडाला टिचकी मारली, उगाच. मी पुन्हा दाबलं, जरा जास्त वेळ.

"कोन व्हय? आली, आली!"

दार उघडलं. काकूंच्या ओठांत दोरा, गळ्यात टेप. माझ्या दोन्ही बाजूंना त्यांनी पाहिलं.

"जवाईबापू? सुनंदानं साडी पाठवली का?"

माझे हात रिकामे. "पाठवली होती," मी म्हणालो, "मीच घरी विसरलो."

"असेच हा तुमी," काकू हसल्या. झाडाआड काका चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

संध्याकाळी मी हे सुनंदाला सांगितलं, चकतीच्या शास्त्रासकट. शास्त्र तिनं सोडून दिलं. कपाट उघडलं आणि फॉल लावायच्या राहिलेल्या चार साड्या पलंगावर काढल्या.

"दे," मी म्हणालो, "चारही आत्ताच देऊन येतो."

"राहू द्या," ती म्हणाली. "एकदम नाही नेत. रोज एक नेते."