प्रलंबित अपयशाबाबत

आधी ठेच लागावी आणि मग शहाणपण यावं, हा निसर्गाचा क्रम आहे. आणि निसर्गाच्या बहुतेक कामांप्रमाणे त्यातही वेळ फार जातो. एका नामांकित व्यवस्थापन संस्थेने हा दोष दूर केला. विद्यार्थी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच त्याला प्रवेश देऊन टाकायचा, मग तीन वर्षं कुठेतरी नोकरी करून अनुभव आणायला सांगायचं आणि तो आणल्यावर वर्गात बसवायचं, अशी ही योजना. (आधीच अनुभव घेतलेली माणसं सहसा पुन्हा वर्गात बसायला तयार होत नाहीत, हे संस्थेला अनुभवाने कळलं होतं.) 'बाजारात तुरी' ही म्हण ज्याने रचली त्याला दूरदृष्टी नव्हती, एवढंच यावरून सिद्ध होतं.

ठकी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. अर्ज एकवीस पानी होता आणि सतरावा प्रश्न असा होता: 'येत्या तीन वर्षांत आपणास येणाऱ्या अपयशाचे वर्णन करा. अपयश प्रामाणिक असावे. शब्दमर्यादा तीनशे.'

"अपयश?" वडील म्हणाले. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. लोकांना लांबचं न दिसणं हा त्या घराचा पाया होता. "अगं, नोकरीचा अजून पत्ता नाही. अपयश आणायचं कुठून?"

"तू गप्प रे," आत्या म्हणाली. ती पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं हेडक्लार्क होती, त्यामुळे 'होणार आहे' आणि 'झाले आहे' यांतला फरक तिला फारसा जाणवत नसे. "झालेलं अपयश लपवावं लागतं. न झालेलं कसं, मापाने शिवून घेता येतं."

तीन दिवस घरात अपयशांची छाननी चालली. धंद्यातली खोट नामंजूर झाली (वडिलांना नुसतं वाचूनही धडकी भरली). आजारपण आईने खोडलं. ती नर्स होती आणि घरी आल्यावर तो विषय तिला चालत नसे. प्रेमभंग संस्थेला आवडला असता, पण त्यासाठी आधी प्रेम मंजूर करावं लागलं असतं. शेवटी आत्याचा मसुदा एकमताने पास झाला: नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबर महिन्यात, ठकी एका अनुभवी ज्येष्ठ कामगाराचा सल्ला धुडकावेल, काम तोंडावर आपटेल, ती संपूर्ण जबाबदारी स्वीकारेल आणि नम्रता शिकेल.

"नम्रता अगदी शेवटच्या ओळीत घाल," आत्याने बजावलं. "पहिल्यापासूनच नम्र दिसलीस तर संस्थेने तुला शिकवायचं काय?"

साठ जागांसाठी आठ हजार चारशे बारा अर्ज आले. 'मला अपयश येणार नाही' असं ज्यांनी लिहिलं होतं, त्यांना ते परतीच्या टपालाने आलं. ठकीला जागा मिळाली.

मग ती लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत शिकाऊ अधिकारी म्हणून लागली. तिच्या हाताखाली (म्हणजे कागदावर, एरवी उलट) एक मिस्त्री होते. अडतीस वर्षं त्याच कामात होते. बंद दाराला कान लावून कुठली वायर कुरकुरतेय ते सांगत. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर संस्थेचं पत्र आलं: 'आपण चालू महिन्यासाठी नोंदविलेले अपयश अद्याप अप्राप्त आहे. महिनाअखेरपर्यंत पुराव्यासह सादर न केल्यास आपली जागा प्रतीक्षायादीतील उमेदवारास देण्यात येईल.' (प्रतीक्षायादीत दोनशे जण होते आणि सगळ्यांची अपयशं तयार होती.)

ठकीने पत्र मिस्त्रींना वाचून दाखवलं आणि अर्जात कुठलं अपयश नोंदवलंय तेही सांगितलं. ते खोकला येईपर्यंत हसले.

"एवढंच ना पोरी? मी सांगतो, तू ऐकू नकोस. माझ्या घरी रोज हेच चालतं."

जुन्या इमारतींत लिफ्टचे नवे पॅनल बसवायचं काम चालू होतं. मिस्त्रींनी रीतसर सल्ला दिला: आधी जुन्या वायरी तपासायच्या, मग पॅनल. ठकीने तो रीतसर धुडकावला. पहिल्या इमारतीत लिफ्ट चालली. दुसऱ्या इमारतीत तर आवाजसुद्धा न करता चालली. वेळ वाचवल्याबद्दल मॅनेजरने ठकीचा फोटो भिंतीवर लावला. महिना संपायला पाच दिवस उरले आणि ठकीच्या तोंडचं पाणी पळालं.

"मिस्त्रीकाका, खरं सांगा. तुम्ही काही केलंत?"

मिस्त्रींनी मान खाजवली. "आदल्या दिवशी जाऊन वायरी बघून आलो. सवय आहे गं. हात राहत नाही."

"तिसऱ्या इमारतीत जाऊ नका. माझी शपथ आहे."

"हे काही बरं नाही, पोरी."

"काका, माझी जागा जाईल!"

मिस्त्री बराच वेळ पक्कड पुसत राहिले. मग म्हणाले, "नाही जात."

अठ्ठावीस तारखेला लिफ्ट पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये पाच माणसांसह पंचावन्न मिनिटं थांबली. (भाषेखेरीज कुणालाही इजा झाली नाही.) ठकीने ठरल्याप्रमाणे संपूर्ण जबाबदारी लेखी स्वीकारली. मॅनेजरने तो कागद परत केला. कंपनीच्या नियमानुसार तीन वर्षं पूर्ण न झालेल्या कर्मचाऱ्यास जबाबदारी स्वीकारता येत नव्हती. ती ज्येष्ठतेनुसार दिली जाई. तपासणी वहीत मिस्त्रींची सही नव्हती. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच नव्हती. निवृत्तीला चौदा महिने असताना त्यांना घरी पाठवण्यात आलं.

ठकी त्यांच्या घरी गेली तेव्हा ते स्वतःच्या दाराची बिजागरी बसवत होते.

"काका, मी..."

"बस. तो स्क्रू दे. त्या फॉर्मात माझं नाव आहे का गं?"

"नाही. 'एक अनुभवी ज्येष्ठ कामगार' असं आहे."

"हं." मिस्त्रींनी स्क्रू आवळला. "म्हणजे कुणीही चाललं असतं."

ठकीला दोन दिवस अन्न गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने घडलं ते सगळं, शपथेसकट, संस्थेला लिहून कळवलं आणि मला ही जागा नको, असं खाली स्वच्छ लिहिलं. आत्याने मसुदा मागितला, तोही दिला नाही.

संस्थेने पत्र अत्यंत आस्थेने वाचलं. इतकं अस्सल अपयश योजनेच्या इतिहासात आजवर प्राप्त झालं नव्हतं. जागा नाकारणं हे तर नम्रतेचं सर्वोच्च लक्षण ठरून त्याला स्वतंत्र दहा गुण मिळाले. ठकीला शिष्यवृत्ती जाहीर झाली आणि तिचं पत्र नव्या माहितीपत्रकात तिसऱ्या पानावर 'आदर्श नमुना' म्हणून छापण्यात आलं.

माहितीपत्रक निघाल्यावर पहिल्याच आठवड्यात संस्थेला नऊशे पालकांचे फोन आले. मिस्त्रींचं पुढे काय झालं, हे सहा जणांनी विचारलं. (त्यांतले दोघे त्या लिफ्टमध्ये होते.) बाकीच्या आठशे चौऱ्याण्णवांनी अर्जाची शेवटची तारीख विचारली.

आपण अर्थातच त्या सहांपैकी. तरीही घरात कुणी शेवटच्या वर्षाला असेल, म्हणून केवळ माहितीसाठी: तीस तारीख, संध्याकाळी पाचपर्यंत. अनुभवी ज्येष्ठ कामगार ज्याचा त्याने आणायचा आहे.