घागरीवरचं नाव

प्रेमराजचं लग्न झालं ते साल दोन हजार सतरा. बँड वेळेवर आला, जेवण झकास झालं, नवरीकडचे खूश, नवऱ्याकडचे खूश. फक्त नवऱ्याचा सख्खा मामा अक्षता पडायच्या आधीच मांडवातून उठला आणि थेट धरणगावला घरी निघून गेला!

कारण लग्नपत्रिका. तिच्यात खाली सोळा नावं होती. आत्या होत्या, आत्यांचे जावई होते, वऱ्हाडासाठी ज्यानं ट्रॅक्टर दिला त्याचंही नाव ठसठशीत होतं. मामाचंच नव्हतं!

चूक छपाईवाल्याची होती, पण होकार भडगावच्या यशोदाबाईंचा, म्हणजे नवरदेवाच्या आईचा. छपाईवाल्यानं कच्ची पत्रिका त्यांच्याच हातात दिली होती. बाईंनी ती दोन्ही हातांनी धरली, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, दोनदा मान डोलावली आणि म्हणाल्या, "बरोबर शे. छापी टाक!"

आता खरी गोष्ट अशी, की बाईंना वाचता येत नव्हतं. पण ते त्या छपाईवाल्यासमोर सांगायचं कसं? मान डोलावणं सोपं पडलं. ती मान त्यांना पाच वर्षं महाग पडली. तो मामा, म्हणजे बाईंचा भाऊ झिपरू, बहिणीच्या दारात पुन्हा आला नाही. ना राखीला, ना दिवाळीला. त्याला वाटलं, अक्कानं मुद्दाम गाळलं. आणि अक्काला खरं सांगायची लाज वाटली.

पण त्याच लग्नानं घरात कामिनी आणली, आणि कामिनीनं एक पत्र्याची पेटी आणली. यशोदाबाईंना वाटलं, दागिने असतील. निघाले रंग, ब्रश आणि जाड पानांची चित्राची वही! सून हातानं कार्डं करायची. वाढदिवसाची, बारशाची, सणासुदीची. अक्षरं अशी काढायची, की जणू वेलीला फुलं आली.

एक दिवस भाकरी थापता थापता बाई हळूच म्हणाल्या, "कामिनी, हाई अक्षर माले येई का वं?"

कामिनीला सगळं समजलं. तिनं ब्रश पुढं केला.

बाकीचं जग आधी अक्षर शिकतं आणि मग ते वळणदार करतं. बाईंनी उलटं केलं. साठी उलटल्यावर त्या एकदम वळणदारच शिकल्या! खापरावर पुरणाचा मांडा पसरवणारा हात तो, थरथरणार कशाला? त्यांच्या 'य'ला पोपटाची चोच असे आणि 'श'ला मोराचा पिसारा. अडचण एकच होती. बाईंना बारीक लिहिता येत नव्हतं. एकेक अक्षर कैरीएवढं! ते कागदावर कुठं मावणार? म्हणून बाईंनी स्वतःची एक पद्धत काढली. आधी चित्र काढायचं, आणि चित्रात जी सगळ्यात मोठी रिकामी जागा असेल तिथं ज्याला कार्ड पाठवायचं त्याचं नाव घालायचं.

वहीत वर्षभराचे सण आले. पोळ्याला बाईंनी बैल काढला. त्याच्या पाठीवरची झूल चांगली ऐसपैस होती. तिच्यावर 'सुकदेव' असं लिहून कार्ड पहूरच्या चुलतभावाला पाठवलं. चौथ्या दिवशी सुकदेवआबांचा फोन आला.

"यशोदाअक्का, मी बैल शे का?"

"आवडना ना?" बाई खूश. "शिंगं कामिनीनी रंगवनी, बाकी बठ्ठं मी!"

हिवाळ्यात भरताची वांगी आली. बाईंनी एक वांगं काढलं, गरगरीत, जांभळं, मांजराएवढं. त्याच्या पोटावर 'पुष्पा' असं लिहून ते धुळ्याच्या चुलतबहिणीला गेलं. पुष्पाबाई रंगानं सावळ्या आणि अंगानं भरलेल्या. त्यांचा फोनसुद्धा आला नाही. "कौतुकानं बोलती बंद झाली असेल," असं बाईंनी शेजारीपाजारी सांगितलं.

मग उन्हाळा आला. नात पुनमचं तिसरं वर्ष लागलं होतं, तिचं जावळ काढायचं ठरलं. आखाजीच्या दिवशी, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ज्याला त्याला आपल्या घरी पितरांना घागर भरायची असते, म्हणून कार्यक्रम दुसऱ्या दिवशी, बुधवारी. आणि बाईंनी चुलीजवळ उभं राहून जाहीर केलं:

"बारा कार्डं करसू. बठ्ठास्नी नावं नंतर, पहिलं नाव झिपरूनं. पत्रिकामा राहीनं ना? मंग आते बाराच्या बारा कार्डंवर त्याचंच नाव लिखसू, सगळ्यात मोठं! यंदा झिपरू मना दारमा येई, आन् सोताना पायवर येई!"

"मी थांबते ना मदतीला," कामिनी म्हणाली.

"तू जाय माहेरले. आखाजीले लेकी झोक्यावर पाहिजेत, ब्रश धुवाले नही. मी करस!"

कामिनी गेली. आणि इथंच घात झाला!

सण आखाजीचा, म्हणून बाईंनी काय काढावं? घागर. लाल मातीची, गोल, पाण्यानं काठोकाठ भरलेली. तिच्या तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज. शेजारी दोन आंबे आणि सांजोऱ्या. दरवर्षी पितरांपुढं मांडतात तशी हुबेहूब. घागरीचं पोट केवढं मोठं आणि केवढं रिकामं! बाईंनी त्यावर लिहिलं: झिपरू.

खानदेशात शेंबडं पोरही सांगेल, की आखाजीची घागर भरून ज्याचं नाव घेतात तो माणूस या जगात नसतो. बाईंनी स्वतः चाळीस वर्षं सासऱ्यांचं, सासूचं नाव घेऊन घागरी भरल्या होत्या. पण ते नाव तोंडानं घ्यायचं असतं, घागरीवर कोणी लिहीत नाही. आणि नव्यानं अक्षर शिकलेल्या माणसाला रिकामी जागा दिसली, की दुसरं काही दिसत नाही!

खाली उरलेल्या पट्टीत मजकूर घालायचा होता. 'बुधवारी सकाळी भडगावला या. यशोदा.' एवढ्यातच पट्टी संपली. 'जावळ' मावेना. बाईंनी ते सोडून दिलं. पोरीचं जावळ आहे हे काय सांगायला पाहिजे?

बारा कार्डं, बारा पाकिटं, बारा तिकिटं. पाकिटांवरचे पत्ते पोस्टातल्या माणसानं घातले आणि कार्डं गावोगाव निघाली.

तीन दिवसांनी बाईंना फोन येऊ लागले.

"यशोदाअक्का, कार्ड मियनं. आम्ही बठ्ठा येतस. तुम्ही धीर धरा."

बाईंना वाटलं, वस्तरा पाहून पुनम रडेल म्हणून धीर धरायला सांगतात. केवढी माया!

"धीर काय, माले तं कव्हय बुधवार उजाडस असं व्हयी ऱ्हायनं!"

पलीकडच्यानं फोन हळूच ठेवून दिला.

तिकडे सुकदेवआबांनी धरणगावला फोन लावला. उचलला खुद्द झिपरूभाऊंनी.

"कोण?" आबांनी विचारलं.

"मी झिपरू."

"हा, त्यास्नाबद्दलच फोन करा बेटा," आबा नाक ओढत म्हणाले. "तेजसच ना तू? आवाज मातर अगदी बापसारखा शे रे तुना!"

"आबा, मी झिपरू बोली ऱ्हायनू!"

"व्हय रे, तेच नाव तोंडमा येई ऱ्हायनं सारखं. देवमाणूस व्हता तुना बाप."

"मना बापले मरीसन तीस वर्षं व्हयनीत!"

"अरे देवा," आबा शेजारी बसलेल्यांना म्हणाले, "पोऱ्याना डोकावर परिणाम व्हयना." आणि फोन ठेवला.

झिपरूभाऊंना काही कळेना. सोमवारी त्यांचं कार्ड आलं, तेव्हा सगळं कळलं. बहिणीनं आधी पत्रिकेतून नाव गाळलं, आता जिवंतपणी घागर भरली! त्यांनी कार्ड खिशात घातलं आणि तेजसला सांगितलं, "बुधवारी गाडी काढ. मी सोता जाईसन सांगस, मी अजून शे!"

बुधवार उजाडला. यशोदाबाईंनी डाळिंबी लुगडं नेसलं, दारात रांगोळी काढली, पुरणाचा घाट घातला. कामिनी पुनमला आणि व्याह्यांना घेऊन माहेराहून नुकतीच पोचली होती. अंगणातल्या निंबाखाली जावळासाठी बोलावलेला न्हावी नवल वस्तऱ्याला धार लावत बसला होता.

साडेनऊला पहिली जीप आली. तिच्यातून अकरा माणसं उतरली, सगळी पांढऱ्या कपड्यांत. बाया डोळ्यांपर्यंत पदर ओढून. "उन्हाचे दिवस, पांढरं बरं पडतं," असं बाईंना वाटलं. दुसरी जीप आली. तिच्यातही पांढरेच! अंगणात वस्तरा घेऊन बसलेला माणूस दिसल्यावर तर पाहुण्यांना काही शंकाच उरली नाही. सुकदेवआबांनी टोपी काढली आणि नवलपुढं मान घातली. नवल म्हणाला, "आबा, मला एका पोरीचंच सांगितलंय." आबा डोळे पुसत म्हणाले, "मना चुलतभाऊ व्हता. कर!" नवलनं केलं. गिऱ्हाईक मागून मिळालं तर तो कशाला सोडतो?

इतक्यात पुष्पाबाई फाटकातून आत आल्या. धुळ्याहून येताना वाटभर रडणं दाबून ठेवलं होतं. यशोदाबाई दिसताच त्यांनी गळ्यात मिठी मारली आणि हंबरडा फोडला, "मना झिपरूभाऊ वंऽऽ! आमले सोडीसन कसा गया वंऽऽ!"

बाईंच्या हातातलं कुंकवाचं ताट खाली पडलं.

"काय? झिपरू गया? कव्हय गया?"

"आमले काय इचारतीस? तुनीच तं कळाडं!"

"मी? माले तं आते समजी ऱ्हायनं!"

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पाच वर्षं ज्याच्यासाठी अक्षर गिरवलं, तो हातचा गेला. डोलावलेल्या मानेचं सांगायचं राहूनच गेलं! मग त्या अशा रडल्या, की पुष्पाबाईंचं रडणं त्यांच्यापुढं आखाजीच्या गाण्यासारखं वाटावं. सगळे लोक रडू लागले. पुनम रडू लागली. काही न कळता बँडवाल्याचा पोरगाही रडू लागला. बँड! तो जावळासाठीच सांगितला होता. बाहेर उभ्या बँडवाल्यांनी गर्दी पाहून वेळ झाली असं समजून लग्नाची धून सुरू केली!

त्याच धुनीवर फाटकात मोटारसायकल थांबली आणि मागून झिपरूभाऊ उतरले. एक हात कमरेवर, दुसऱ्यात कार्ड.

"कोण म्हनस मी मरी गऊ?"

पुष्पाबाई तुळशीमागं लपल्या. नवलच्या हातातला वस्तरा तिथंच थांबला. आबांचं बरोबर अर्धं डोकं झालं होतं. आबा तसेच उठून उभे राहिले. "झिपरू... तू तं फोनवर..."

"फोनवर मीच व्हतू, आबा!"

एकट्या यशोदाबाई पुढं धावल्या. भूत असलं तरी भाऊच! त्यांनी दोन्ही दंड असे पकडले, की झिपरूभाऊ कळवळले.

"सोड ना वं अक्का! पयले सांग, मना नावनी घागर का भरी?"

बाईंनी कार्डाकडं पाहिलं. घागर पाहिली, नाव पाहिलं, पांढरे कपडे पाहिले, आबांचं अर्धं डोकं पाहिलं. बारा गावांत आपण काय पोचवलं, ते त्यांना तेव्हा कळलं.

मान डोलावून भागण्यासारखं आता नव्हतं. साठ-बासष्ट माणसांसमोर, व्याह्यांसमोर, बँडसमोर बाई मोठ्यानं म्हणाल्या:

"पत्रिकामा तुनं नाव राहीनं, ते मुद्दाम नही. माले वाचता येत नव्हतं. हातमा पत्रिका धरी आन् बरोबर शे म्हनी दिधं. मंग मी शिकनू. तुनं नाव लिखाले शिकनू. सगळ्यात मोठं लिखाना नादमा घागरवर लिखाई गयं!"



झिपरूभाऊंनी कार्ड पुन्हा डोळ्यांपुढं धरलं. नावाच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.

"हाऊ झ तू काढा?"

"तीन महिना लागनात."

"लई शेपूट सोडं शे," ते म्हणाले. मग कार्ड जपून खिशात ठेवून ते आबांकडं वळले. "आबा, फोनवर माले काय म्हनं व्हतं? देवमाणूस? जरा पुन्हा सांगा, बठ्ठास्ना देखत!"

आबांना ते अर्ध्या डोक्यानं तीनदा सांगावं लागलं.

त्या दिवशी पुनमच्या आधी आबांचं उरलेलं अर्धं डोकं झालं. ते पाहून पुनम इतकी खिदळली, की तिचं जावळ कधी निघालं हे तिलाही कळलं नाही. पंगत बसली, तीही सगळी पांढरी, वर पुरण आणि तूप. पहिलं पान मामांचं. जावळाला बारा गावची माणसं आलेली, एकही घर राहिलं नाही, असं भडगावात तोवर कोणाच्या घरी झालं नव्हतं! जीपमध्ये बसताना पुष्पाबाईंनी वांग्याचासुद्धा राग सोडला. यशोदाबाई फाटकात उभं राहून प्रत्येकाला सांगत होत्या, "मी म्हनं व्हतं ना, सोताना पायवर येई!"

त्यानंतर झिपरूभाऊ दर राखीला आले. ते घरगुती कार्ड त्यांनी काचेत मढवून ओसरीवर लावलं. कोणी विचारलं तर सांगत, "मना मरणनी पत्रिका शे, मनी बहीणनी काढेल!"

पुढं खरी वेळ आली, तेव्हा बाईंनी कार्ड केलं नाही. फोनच लावला. पहूरला सुकदेवआबांनी सगळं शांतपणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या अक्का. आते जावळ कोणानं शे, ते सांगा."

जावळ कोणाचंच नव्हतं. झिपरूभाऊ दोन हजार चोवीस साली, पोळ्याच्या चार दिवस आधी, धरणगावला राहत्या घरी वारले.