नवरी उचलायची तयारी

आमच्याकडे नवरीला मामा उचलून मंडपात आणतो. माझी भाची मिनल हिला मीच उचलून आणणार, हे मी साखरपुड्यातच भर पंगतीत जाहीर केलं होतं. पोरीवर माझा जीव. शिवाय मी महाल भागातला मिरचीचा व्यापारी, जन्म पोत्यांत गेलेला. त्यातलं एकही पोतं मी स्वतः उचललेलं नाही, हे पंगतीत सांगायची काही गरज नव्हती.

मिनलची आई प्रेमिलाताई जिलबी वाढता वाढता म्हणाली, "देवराव, तुले तुझं पोट उचलणं होत नाही. दुर्गेशले उचलू दे."

दुर्गेश म्हणजे आम्हा भावंडांतलं शेंडेफळ, अंगानं शेवग्याची शेंग. त्याचं नाव निघालं आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली. दुसऱ्याच दिवशी मी जिममध्ये नाव घातलं. जोडीनं आलात तर सवलत होती, म्हणून त्यालाही नेलं. माझं चुकलं असेल तर तेवढंच.

माल किती ते न विचारता गाडी बोलावणारा व्यापारी मी नव्हे. मिनलला फोन लावला.

"बेटा, तुझं वजन किती आहे वं?"

पलीकडून फोन बंद. लगेच ताईचा फोन.

"लग्नाच्या पोरीले वजन विचारतात काय गा? रडून राहिली ते! सासरच्यांनी विचारायले लावलं काय म्हणते."

बरीच समजूत काढल्यावर मागून मिनलचा आवाज आला, "अठ्ठेचाळीस." शालूचे दोन धरून मी पन्नास पकडले आणि कामाला लागलो.

जिममधली ट्रेनर सोनिका माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, "काका, बारा वेळा उचलता येईल एवढंच वजन घ्यायचं. शेवटचे दोन जड गेले पाहिजे. तुम्ही पाच किलोपासून चालू करा."

"पाच किलो? एवढी मिरची तर आमच्या घरच्या लोणच्याले लागते."

"मंग बारा वेळा उचलून दाखवा."

"काहून? नवरी एकदाच उचलायची आहे. पोतं ट्रकमध्ये गेलं की गेलं. तेच पोतं बारा वेळा चढवून-उतरवून कोणी पाहते काय?"

सोनिकानं डोळे मिटून घेतले. दुर्गेश मात्र निमूटपणे पाच किलोचे डंबेल वरखाली करत राहिला. मला त्याची कीव आली.

मी रोज एकदाच उचलायचो. आधी वीस, मग तीस, पुढे चाळीस. एकदा उचललं की खुर्चीवर बसून दुर्गेशचे आकडे मोजायचे. घरी बायको, दीपमाला, कमरेला मलम चोळताना विचारायची, "एकदाच उचलता, तर रोज एवढं काहून दुखते?" बायकांना या शास्त्रातलं कळत नाही म्हणून मी उत्तर देत नसे. लग्नाच्या आठवड्यात मी पन्नास किलो जमिनीवरून उचलून छातीशी धरले. सोनिका ओरडत धावली, पण तोवर माझं काम झालं होतं.

लग्नाच्या दिवशी हॉलच्या दारात मिनल शालूत उभी होती. मी बजरंगबलीचं नाव घेतलं आणि उचललं. माल हिशेबापेक्षा जड निघाला, पण बोहल्यापर्यंत नेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगतो, माझ्याही आलं. या पोरीला खांद्यावर बसवून फुटाळा तलावावर फिरवलं होतं मी.

तेवढ्यात व्हिडिओवाला पियुष पुढे आला. "मामाजी, मस्त झालं. एक बार और. ड्रोन वर गेलाच नव्हता."

मिनल चालत दाराशी परतली. मी पुन्हा उचललं. या वेळी पाय लटपटले.

"मामाजी, नवरदेव मोबाइल पाहून राहिले होते. एक बार और."

तिसऱ्या खेपेला अर्ध्या वाटेत मिनल माझ्या कानात म्हणाली, "मामा, रागवू नका. मी छप्पन्नची आहे."

"आता सांगते काय वं?"

"दागिने त्याच्या वर."

कसंबसं पोचवलं. उतरवताना कमरेत असा कट्ट आवाज झाला की सनईवाल्यानं मान वळवली. पियुषनं एक बोट वर केलं. "लास्ट, मामाजी. एक मावशी मधात आल्या."

मी दाराशी गेलो, वाकलो आणि वाकलेलाच राहिलो.

"मामा, काय झालं?" मिनल घाबरली.

"तू हो पुढे."

मुहूर्त तोंडावर आलेला, भटजी घड्याळ पाहत होते. दुर्गेशनं मिनलला अलगद उचललं आणि बोहल्यावर नेलं. पियुषच्या हट्टापायी परत आणलं, पुन्हा नेलं. गड्याला घामही फुटला नाही. जमिनीकडे पाहत उभा होतो म्हणून बरं, माझं तोंड कोणाला दिसलं नाही.

दुर्गेशच्या दुसऱ्या खेपेचा फोटो ताईनं मोठा करून बैठकीत लावला आहे. आल्या-गेल्याला दुर्गेशवर बोट ठेवून सांगते, "हे नवरीचे मामा." मीही आहे त्या फोटोत. मागे, दाराजवळ. दोन वाढपी मला खुर्चीसकट उचलून बाहेर नेताहेत. त्यांना मात्र "एक बार और" असं कोणीही म्हणालं नाही.