सोनाक्का लगेच थांबत नाहीत

व्हिडिओ गेम बाजारात आणण्याआधी त्यातल्या मुख्य पात्राला तपासणीसाठी कन्सोल कंपनीच्या पुण्याच्या कचेरीत स्वतः हजर राहावं लागतं. म्हणून आमच्या गेममधल्या सोनाक्कांना घेऊन मी सांगलीहून सकाळच्या एसटीनं निघाले. पिशवीत कंट्रोलर चालू ठेवला होता. तो बंद पडला की त्या थांबतात.

हा गेम मी चार वर्षं एकटीनं केला. खेळणाऱ्यानं पीठ मळून द्यायचं, सोनाक्कांनी चुलीवर भाकऱ्या करायच्या, एवढाच खेळ. आम्ही दोनदा नापास झालो होतो. तिसऱ्यांदा झालो तर सोनाक्का रद्द, आणि त्यांच्या जागी कंपनीचं तयार पात्र. चार वर्षं मी रोज या बाईशी बोलत होते हो! रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

तपासनीस खासनीस साहेबांनी चूल मांडून दिली. "कलम चौदा," ते म्हणाले. "कंट्रोलर बंद पडताच पात्रानं जागच्या जागी थांबायचं." आणि त्यांनी बॅटरी काढली.

सोनाक्कांनी तव्यावरची भाकरी उलटली, निखाऱ्यावर धरून फुगवली, टोपलीत ठेवली, पदराला हात पुसले आणि मग थांबल्या.

"अकरा सेकंद," साहेब घड्याळ बघत म्हणाले. "मागच्या वेळीही अकराच."

"अहो आक्का!" मी कपाळावर हात मारला. "घरी किती घोकून घेतलं होतं!"

थांबलेल्या पात्रानं बोलायचं नसतं. साहेबांनी बॅटरी परत घातली, तेव्हा त्या म्हणाल्या, "तव्यावर भाकरी टाकून कोण थांबतंय गं? करपली असती की. खेळणाऱ्यानं घाम गाळून मळलंय पीठ."

साहेबांनी चष्मा पुसला आणि नियमावली चाळली. "कलम एकोणीस. खेळणाऱ्यानं केलेलं काम कोणत्याही कारणानं वाया जाता कामा नये."

"पण मग चौदाचं काय?" मी विचारलं. गप्प बसायचं सोडून!

"मगदूम मॅडम, तुम्ही पास व्हायला आलायत की नापास व्हायला?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आपल्या डब्यातल्या ठेच्याशी खाल्ला आणि शिक्का मारला. कलम चौदाखाली त्यांनी दुरुस्तीही लिहिली: 'हातातले काम उरकून थांबावे.' ती सगळ्याच गेमना लागू झाली. बाहेर बाकावर युद्धाच्या गेममधला एक सैनिक खांद्यावर जखमी सोबती घेऊन बसला होता. त्याला आधी खाली उतरवून मग थांबतो, म्हणून तोही दोनदा नापास झालेला. त्यानं सोनाक्कांना वाकून नमस्कार केला.

परतीच्या एसटीत मला रडूच फुटलं. "आक्का, तुमचे उपकार कसे फेडू?"

"गप. झोप जरा. डोळं बघ कसं झाल्यात."

कऱ्हाडच्या अलीकडे माझा डोळा लागत होता, तेवढ्यात कंट्रोलरची बॅटरी संपली. सोनाक्कांनी खिडकी लावली, पदर माझ्या अंगावर ओढला, माझं डोकं आपल्या खांद्यावर टेकवलं आणि मग थांबल्या.

सांगली येईपर्यंत मी हलले नाही.