टेंभरे डॉक्टर आणि माझी भटकी तिल्ली

टेंभरे डॉक्टरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, तिल्ल्या राहत. तिल्ली म्हणजे आपली पानथरी. अर्जुनीच्या बाजारात कुणी रामराम केला की ते आधी त्याच्या डाव्या बरगडीखाली बोटं खुपसत, तिल्लीच्या कडेच्या खाचा मोजत, मग ओळख पटे. "हां, तू तं दोन खाचांचा! अन् तुया भाऊ कसा हाय, बिनखाचेवाला?" त्या भागात हिवतापानं बहुतेकांच्या तिल्ल्या वाढलेल्या, त्यामुळे डॉक्टरांचा गोतावळा मोठा.

कुणाची जुंपली की हे मध्ये घुसत. "पोटात मारू नोका बे, तिल्ली फुटन! मारायचंच असन तं थोबाडात मारा!" मारणाऱ्यालाच हसू फुटे.

मी रत्नागिरीकडचा. सातवीत शाळा सुटली आणि फिरत फिरत इथल्या राइस मिलमध्ये वजनकाट्यावर लागलो. एकदा बेंबीशेजारी गोळा हाताला लागला. शेठ म्हणाले, "आपरेशनवाला आदमी हमको नहीं चलेगा. गाँव जाओ." गावी जाऊन करणार काय होतो?

डॉक्टरांनी मला उताणं पाडलं, गोळा चाचपला, कडेची खाच सापडली आणि चेहरा नवरदेवासारखा फुलला. "गाठ नाही हे, तिल्लीच हाय! देठ लांब हाय, म्हणून फिरून राहिली." बोटांनी ढकलत त्यांनी ती डावीकडे नेऊन दाखवली. "तुयासारखीच, घर सोडून आली. दुखत नाही तं राहू दे. पण एकदम कळ आली का पळत ये. देठाले पीळ पडला असन."

शेठ ऐकेनात. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी लिहून दिलं तरच नोकरी, म्हणाले.

नागपूरला जाईपर्यंत दर रविवारी डॉक्टरांच्या घरी माझी तपासणी. "भरल्या पोटीच तिल्ली नीट लागते. आधी जेव." घरात दुसरं कुणी नव्हतं. भात, वरण, कधी तलावातली मासळी. पुन्हा वाढून घेतल्याशिवाय सुटका नाही. जेवताना सांगत, एखाद्याच्या तिल्लीशेजारी चिंचोक्याएवढं तिचं पिल्लू असतं. मोठी काढावी लागली, तर कधीकधी ते पिल्लूच काम सांभाळतं. बोलणं तासभर चाले, तपासणी मात्र चुटकीसरशी.

नागपूरला मी आठवणीनं तट्ट जेवून गेलो. मोठे डॉक्टर वैतागले. "पोट तपासायला जेवून आलात? उपाशी यायचं असतं, एवढंही कुणी सांगितलं नाही?"

टेंभरे डॉक्टरांचं नाव न काढता मी टेबलावर आडवा झालो.

निदान टेंभरे डॉक्टरांचंच निघालं. कापायची घाई नको, असं लिहूनही मिळालं. नोकरी वाचली.

रविवारी डॉक्टर दारातच उभे. "काऊन रे, उशीर? काय म्हणाला नागपूरवाला?"

"तुमचंच खरं, म्हणाले."

"मंग झालं तं." ते उगाच चष्मा पुसू लागले. "आता तुले कायले तपासाचं?"

"दर रविवारी दाखवत जा, म्हणालेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच, चेहऱ्याकडे.

"जेवून?"

"जेवूनच," मी म्हणालो.

डॉक्टर आत वळले आणि दुसरा पाट मांडू लागले.