आज काय रांदलंस?

बुधवार, जुलैचा दुसरा आठवडा. हजर: मी, धान्याच्या पिशव्या भरणाऱ्या दोघी बहिणी, टेम्पोवाले सावंत आणि बाबुलीकाका. उशिरा: बाबुलीकाका. कारण: वाटेत सात घरांत ‘आज काय रांदलंस गो?’ विचारत आले.

आमची अन्नपेढी अडलेल्या घरांना तांदूळ, डाळ, तेल पोहोचवते. अशी घरं शोधायचं काम काकांचं. एसटीतून निवृत्त झालेला हा कंडक्टर कुणाच्याही दारापुढच्या खळ्यात उभा राहून आधी टोपाची चौकशी करतो. पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या नावापुढे ‘खादाड’ असं लिहून ठेवलं होतं. शेवटी एकदा विचारलंच.

“‘जेवलंस?’ इचारलंस तर उपाशी माणूस ‘होय’च म्हणता,” काका म्हणाले. “रांदप इचारूचा. खोटा रांदूक येळ लागता, बाय.”

त्या बुधवारी तारकर्लीत सुलभाकडे गेलो. ती ज्या लॉजवर स्वयंपाक करायची ते मे संपताच बंद झालं होतं, आणि नवरा माडावरून पडून अंथरुणावर. मुली शाळेत जाणाऱ्या.

“काय रांदलंस गो?”

“बांगड्यांचा तिकला,” ती ठसक्यात म्हणाली.

काकांनी पायरीवरच्या मांजराकडे बघितलं. “मगे ह्या माका बघून कित्याक वराडता? माझ्या खिशात बांगडो आसा काय?”

सुलभा हसली आणि हसता हसता दाराआड गेली. आतून आवाज आला, “कालपासून पेज आसा, काका. तीव चेडवांपुरती. पण यादीत नाव नको. शाळेत चेडवांका कोणीतरी बोलात. नाव लिवतलास तर पिशवी परत न्हेवा.”

माझा नियम पक्का: नाव, सदस्यसंख्या, सही, त्याशिवाय पिशवी नाही. मी तोंड उघडण्याआधी काकांनी माझ्या हातातला यादीचा कागद ओढला, काहीतरी खरडलं, पिशवी पायरीवर ठेवली आणि “डबल बेल!” म्हणत टेम्पोत चढले.

संध्याकाळी यादी तपासली. तीन घरांच्या पिशव्यांपुढे एकच नाव: बाबुली. सदस्य चार, पाच, पाच. तशीच त्यांच्या घरी गेले. फडताळात एक ताट, एक वाटी.

“काका, हे खोटं आहे. तुमच्या घरात चौदा माणसं?”

“खोटा खंय आसा? चौदा जणांकडे आज काय रांदला ता माका ठावक आसा. तुझ्या घरात काय रांदला ता तरी तुका ठावक आसा काय?”

मला ठाऊक नव्हतं. मी सकाळी सातला बाहेर पडले होते.

काकांनी यादीवर सही केली आणि पेनाचं टोपण हळूच लावलं. “ही गेल्यापासून माका कोण इचारणा नाय,” ते म्हणाले. “मगे मीच इचारूक लागलंय.”

तिन्ही ठिकाणी ते नाव मी तसंच ठेवलं. यादी शुक्रवारपर्यंत वरच्या कार्यालयात जायची आहे. तिच्यात ‘कुटुंबप्रमुखाशी नातं’ असा एक रकाना आहे. त्यातल्या चौदा ओळी अजून भरायच्या राहिल्यात.