सूचीतला काँगो

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नवं पुस्तक आलं की शिक्का बसण्याआधी ते गणू हवालदारांच्या हातून जायचं, आणि हवालदार ते शेवटून उघडायचे. शेवटची नावांची आणि पान नंबरांची सूची तेवढी बोट लावून वाचायची, पुस्तक मिटायचं आणि निकाल द्यायचा. ‘बरं हाय’, नाहीतर ‘लय हलकं’. तिसरा निकाल नव्हता.

हुद्द्याने ते ग्रंथालयाचे शिपाई. फौजेतून निवृत्त होऊन विश्रामबागला आले ते मिशी आणि खाकी पँट तशीच ठेवून. इंग्रजी येत नव्हतं. पण त्यांच्या भरतीच्या काळात फौजेत हिंदी रोमन अक्षरांत शिकवायचे, त्यामुळे अक्षरं लागायची. अर्थ लागत नसे आणि त्याची त्यांना फारशी गरजही वाटत नसे. “पुढनं वाचलं की लिवनारा फशिवतो, सर,” ते मला सांगत. “गोदामात गेल्यावर आदी माल मोजायचा. भाषान मागनं.”

मी तेव्हा तिथे राज्यशास्त्र शिकवत होतो आणि आंतरराष्ट्रीय राजकारणाचा पेपर माझ्या गळ्यात पडला होता. तो विषय माझ्यापेक्षा हवालदार बरा सांगत, असं माझं प्रामाणिक मत आहे. मुलं सुएझवर काही मागायला आली की मी सत्तासंतुलनापासून सुरुवात करी. हवालदार म्हणत, “तिसरं कपाट, हिरवा पुठ्ठा, एस खाली बगा. सात पानं हायत.” मुलं तिसऱ्या कपाटाकडे जात.

त्यांचा स्वतःचा शोध मात्र एकाच देशाचा असे. सी हे अक्षर, आणि त्याखाली काँगो. अमेरिकेला दीड रकाना, रशियाला एक, आणि काँगोला चार आकडे. “एवढं जाडजूड पुस्तक आन काँगोला चार पानं,” ते पुटपुटत. “आमी तितं काय गोट्या खेळत व्हतो व्हय?”

काँगोत ते संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची निळी टोपी घालून गेले होते, दुसऱ्यांचं भांडण थांबवायला. बरोबर म्हसवडकडचा बिरा नावाचा शिपाई होता. हवालदार कृष्णाकाठच्या उसातले, बिरा माणदेशातल्या मेंढपाळांतला. दोघांचं कशावरही एकमत नसे आणि दोघे एका ताटात जेवत. आठ दिवसांच्या तापात बिरा गेला आणि तिथल्याच मातीत राहिला. हवालदार परत आल्यावर त्याच्या आईला भेटायला गेले. मेंढरांमागे तिने कोकणापर्यंतचा मुलूख पायी पाहिलेला. तिनं एवढंच विचारलं, “त्यो मुलूख कसा हाय रं?” आणि हवालदारांना सांगता येईना. दीड वर्षात त्यांनी तंबू, ट्रक आणि विमानाची धावपट्टी, एवढंच पाहिलं होतं.

तेव्हापासून दरवर्षी जत्रेत सिद्धनाथाच्या रथाला म्हसवडला जायचं आणि म्हातारीला त्या मुलखाची नवी खबर द्यायची, हे त्यांनी अंगावर घेतलं होतं. ग्रंथालयातली नोकरी धरली तीही त्यासाठीच. रिकाम्या हातानं गेलो तर ती म्हणेल, गणू माझ्या पोराला विसरला, याची त्यांना खरोखरची धास्ती होती.

रथाच्या आधी महिनाभर मी त्यांना ती चार पानं मराठीत सांगत असे. तांब्याच्या खाणी, बंडं, कोणी कोणाला खुर्चीवरून ओढलं. हवालदार वही उघडून बसत आणि पाच मिनिटांत पेन खाली ठेवत.

“ह्येचं म्हातारीला काय? पाऊस कवा लागतो? मेंढरं हायत का? वाटंनं जानाऱ्याला कोन पानी देतं का? ह्यातलं काय लिवलंय?”

यातलं काहीच लिहिलेलं नसे. या विषयात मी एम. ए. झालो होतो, पण वाटेनं जाणाऱ्याला पाणी कोण देतं हे मला कोणत्याही परीक्षेत विचारलं नव्हतं. शेवटी भूगोलाच्या कपाटातून एक फाटकं पुस्तक काढलं, त्यात पाऊस सापडला. बिराला पुरलं त्या भागात पावसाळ्यात जवळजवळ रोज पडतो म्हटल्यावर त्यांनी ते दोनदा लिहून घेतलं.

बहात्तर साली नवं कोरं, महागडं पुस्तक आलं. हवालदारांनी शेवटून उघडलं आणि बोट सी वर थांबलं ते थांबलंच.

“सर, काँगोला पान नंबरच न्हाई.”

मी पाहिलं. काँगो, त्यापुढे ‘पाहा : झैरे’. मी वर्गातल्या सुरात समजावलं की तिथल्या राज्यकर्त्याने आदल्या वर्षी देशाचं नाव बदललंय, यात विशेष काही नाही. हवालदार स्टुलावर बसले.

“म्हंजी बिरा हाय त्यो देश आता न्हाई?”

“देश आहे हो. नाव दुसरं.”

“तिला काय सांगू? पोरगं गेलं, आता गावबी गेलं म्हनू?”

त्या दिवशी त्यांनी सात पुस्तकांवर उलटे शिक्के मारले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “तुमी चला संगं. तुमी पुस्तकातलं मानूस, तुमचं ऐकंल ती.”

त्या वर्षी माणात घोटभर पाण्याची मारामार होती. म्हातारी दुष्काळी कामावर खडी फोडत बसलेली सापडली. हवालदारांनी पाया पडून माझी ओळख करून दिली, घसा खाकरला, पुन्हा खाकरला, आणि “पानी घिऊन येतो” म्हणून टँकरच्या रांगेकडे निघून गेले. सांगायचं काम माझ्यावर आलं. मी एका दमात सांगून टाकलं.

तिचा हातोडा थांबला नाही. “बदलू दे की. लगनात माझंबी बदललं. दोन म्हयनं हाक मारल्याली मलाच कळत नव्हती.”

“हवालदारांना वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल.”

“मास्तर, पोरगं गेलं ते तार आली तवाच कळलं मला. मुलूख कसलाबी असू दे, मला काय करायचाय?” तिनं हवालदारांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहिलं. “पर गणूला बायकू न्हाई, पोर न्हाई. भावाच्या घरात कोन इचारत न्हाई. बिराचं बोलाय ह्येला माझ्याबिगर कोन हाय? म्हनून मी इचारती.”

तीन वर्षं मी त्यांना ती पानं वाचून दाखवत होतो आणि हा प्रश्न मला पडला नव्हता, याची मला लाज वाटली.

हवालदार लोटा घेऊन आले. चेहरा उतरलेला. म्हातारीने हातोडा खाली ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि दगडावरची धूळ झाडून त्यांना जागा केली.

“नाव बदललं म्हनं. बस हितं. आन हे सांग, औंदा तिकडं पाऊस कसा काय?”

हवालदारांनी खिशातून वही काढली, चष्मा लावला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. ती प्रत्येक ओळीला नव्यानं मान डोलवत होती. मुकादमाने दोनदा हाक मारली, पण ती उठली नाही.